उलटा पट्टा

सासूबाईंना जाऊन हिवाळा सरला, उन्हाळा लागला, तरी बाबा घराबाहेर पडायचं नाव घेत नव्हते. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "घड्याळाचा पट्टा तुटलाय."

आता पट्टा तुटला म्हणून कुणी घरात बसून राहतं का? पण बाबांना खोदून विचारायची सोय नव्हती. मुलाने एकदा ताणून घालता येईल असा स्टीलचा पट्टा आणून दिला, तर म्हणाले, "ही बेडी तूच घाल." दुकानातून पट्टा बदलून आणतो म्हटलं, तर घड्याळ मुठीत धरून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मुलाने हात टेकले.

सुनेने मात्र टेकले नाहीत. एक तर ती हट्टी होती, आणि दुसरं म्हणजे ती बाबांचं देणं लागत होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला खोटे दात बनवायचं काम शिकायचं होतं. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. बाबांनी कुणाशी वाद घातला नाही. क्लास सुटायच्या वेळी ते रोज संध्याकाळी बसथांब्यावर उभे राहायचे, आणि ती उतरली की मनगटाकडे बघून एवढंच म्हणायचे, "आज बसला उशीर झाला." मग दोघं गप्पा न मारता घरी यायची. पुढे लॅबमध्ये नोकरी लागली, हाताला नाव मिळालं, पण थांब्यावरचं ते घड्याळ बघणं ती विसरली नव्हती. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख तिला या माणसाने दिलं होतं.

बाबा मूळचे पुस्तकबांधणीवाले. तरुणपणी कागद कापायच्या यंत्राने त्यांच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं नेली. उरलेल्या अंगठ्यावर आणि करंगळीवर त्यांनी आयुष्य काढलं. शर्टाची बटणं, बुटांच्या नाड्या, सुई-दोरा, कशात म्हणून अडलं नाही. अडायचं ते फक्त डाव्या मनगटावरच्या घड्याळाच्या बकलापाशी. ते रोज सकाळी सासूबाई लावून द्यायच्या.

आणि परवा बांधणीच्या कारखान्यातून निरोप आला होता. जुन्या मालकाच्या मुलीने विचारलं होतं, नवी माणसं पुठ्ठे नीट बसवत नाहीत, सोमवारी सकाळी येऊन जरा दाखवाल का? बाबांनी नेहमीचंच उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुनेने परस्पर सांगून टाकलं, "येतील." सोमवार उजाडला. तिने सकाळपुरती सुट्टी घेतली होती, दुपारी लॅबला जायचं होतं. आज बाबा गेले नाहीत, तर पुन्हा कधी कुणी बोलावणार नाही आणि बोलावलं तरी ते जाणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, घड्याळ द्या. तुमच्या डोळ्यांदेखत बदलते, इथेच, टेबलावर."

बाबांनी घड्याळ दिलं. समोरची खुर्ची ओढून पहारा द्यायलाही बसले.

पाच मिनिटांचं काम, असं तिला वाटलं होतं. नवा पट्टा आणि लॅबमधलं मेण कोरायचं बारीक हत्यार तिने आणलं होतं, टेबलावर पांढरा रुमाल अंथरला होता. पट्ट्याच्या टोकात स्प्रिंगची एक बारीक पिन असते, ती दाबली की पट्टा सुटतो. तिने दाबली. पट्टा सुटला आणि पिनही सुटली, ती थेट फ्रिजखाली. मग सुनेने जमिनीवर पालथं पडून मोबाइलच्या उजेडात शोध घेतला. एक बटण सापडलं, वाळलेला वाटाणा सापडला, आणि पिन सापडली ती तिच्याच ओढणीत.

"लोकांचे दात बसवतेस म्हणे," बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी चेष्टा केली होती. तिला इतकं बरं वाटलं की आणखी एखादी पिन उडवावी असं मनात आलं.

मग तिच्या लक्षात आलं की जुना पट्टा चुकीचा बसवलेला होता. बकलाचा तुकडा बाराच्या आकड्याकडे असायला हवा, भोकांचा सहाकडे. इथे बरोबर त्याच्या विरुद्ध. ती हसली. "बाबा, कुठल्या शहाण्याने हा पट्टा उलटा लावला होता हो?"

बाबा खिडकीकडे बघत राहिले.

तिने नवा पट्टा नियमाप्रमाणे बसवला. टक, टक, दोन्ही पिना जागेवर. "आणा हात," म्हणाली. बाबांनी डावा हात टेबलावर आडवा ठेवला, तळवा वर. मनगट केवढं बारीक झालं होतं. ती पट्टा बकलातून ओवायला लागली आणि काही केल्या जमेना. टोक बाबांच्या बाजूला जायचं, ओढायला तिचाच हात आडवा यायचा. एकदा त्यांची कातडी चिमटली. दुसऱ्यांदा घड्याळ घसरून टेबलावर आपटलं.

बाबांनी हात काढून घेतला. "राहू दे. नाही जमायचं ते." ते उठले आणि खोलीत गेले. "कारखान्यात कळवून टाक, येत नाही म्हणून," एवढंच आतून ऐकू आलं.

सून तशीच बसून राहिली. दाताला दात जुळवणारे आपले हात एका बकलापुढे हरले, याचा तिला राग आला. तिने घड्याळ स्वतःच्या मनगटावर घातलं. झटक्यात लागलं. टोक आपल्याकडे ओढलं की झालं. मग समोर बसून का लागू नये?

तिने जुना पट्टा उचलला. टोकाजवळचं कातडं रोजच्या ओढण्याने मऊ पडलं होतं, आणि हा पट्टा उलटा होता. म्हणजे टोक घालणाऱ्याकडे जात नव्हतं. समोर बसणाऱ्याकडे येत होतं.

शहाणा कोण होता ते तिला कळलं.

तिने पिना पुन्हा काढल्या, या खेपेला एकही उडाली नाही, आणि नवा पट्टा उलटा बसवला. मग खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "बाबा, आईंनी लावला होता ना?"

बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते.

"भाजी चिरायच्या सुरीनं," ते म्हणाले. "सेल टाकायला गेलो की दुकानदार न विचारता सरळ करून द्यायचा. वर मला शिकवायचा, काका, तुमचा पट्टा उलटा आहे. मी आपला हो हो म्हणायचो. आणि ही घरी आली की पिशवी ठेवायच्या आधी सुरी काढायची. त्याला शिव्या घालत घालत परत उलटा. जन्मभर हेच." ते हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. "बोलून नाही दाखवलं मी तिला कधी. वाटायचं, हिला कळतंच की."

"कळत होतं, बाबा. नाहीतर एवढ्या शिव्या घातल्या नसत्या."

ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. बाबांनी न सांगता हात पुढे केला. टोक ओवलं, आपल्याकडे ओढलं, सरळ आलं. फक्त शेवटच्या भोकातही पट्टा सैलच राहिला. बाबांनी मनगट हलवून बघितलं, घड्याळ तिला काढायला लावलं, उठले, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून हातोडी आणि भोकं पाडायची आपली जुनी आरी काढली आणि आरी अंगठा-करंगळीच्या चिमटीत धरून पट्ट्यावर बरोबर जागेवर टेकवली. "मार," म्हणाले. सुनेने हातोडी मारली. भोक असं गोल पडलं की कारखान्यात पाडल्यासारखं.

बक्कल लागलं. बाबा तिच्या हातांकडे बघत होते.

"सेल संपला की तो परत सरळ करणार," ते हळूच म्हणाले.

"करू दे. घरी आल्यावर मी आहे ना."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोच, दोन बोटांचा. "तू आहेस म्हणून बरं आहे, पोरी," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

ती खिडकीत जाऊन उभी राहिली. बाबा फाटकापाशी पोचले, थांबले, मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि वर बघून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "तुला उशीर होतोय!"