नववे पाते

मित्रांनो, शहरातल्या जुन्या स्टेशनवर गाड्यांची नावे दाखवणारी मी एक म्हातारी पाटी आहे. कोळशाचे इंजिन मी पाहिले आहे, आता बोला!

माझ्या पोटात पत्र्याची चाळीस पाती होती, प्रत्येकावर एका गाडीचे नाव. एक गाडी सुटली की पुढचे नाव येईपर्यंत पाती एकेक करून पडत. खट्, खट्, खट्. पात्यांचा क्रम कधी बदलत नसे. त्यामुळे कोणत्या नावापासून कोणत्या नावापर्यंत किती पाती पडणार, हेही ठरलेले असे.

माझ्याखालच्या बाकावर रोज संध्याकाळी वेतवाले आजोबा बसत. दिवसभर खुर्च्यांना वेत विणायचा आणि घरी जायचे, हा त्यांचा नेम. त्यांना दिसत नसे, आणि भोंग्यातली घोषणा तर धडधाकट कानांनाही कळत नसे. आजोबा माझी पाती मोजत. बंदराची गाडी सुटल्यावर आठ पडली तर खाणीची गाडी, नऊ पडली तर त्यांची.

एके दुपारी मेकॅनिकने माझे एक वाकलेले पाते काढून टाकले. त्यावरची गाडी केव्हाच बंद झाली होती. संध्याकाळी मी नीट फिरते का, ते पाहायला तो पुन्हा शिडीवर चढला. बंदराची गाडी सुटली, माझी पाती पडली, नवी गाडी फलाटाला लागली. आजोबा हलेनात.

"अहो आजोबा, गाडी सुटेल ना तुमची!"

"माझी कुठली? आठच पडली. ही खाणीची."

मेकॅनिकच्या हातातला पाना तसाच राहिला. "तुम्ही... मोजता?"

"मग काय, तुझ्या शिडीची करकर ऐकायला बसतो? आणि आज चुकून चालायचं नाही बाबा. लेक नोकरीला परगावी निघालीय. माझी गाडी चुकली, तर घरी कुलूपच भेटेल."

इंजिनाने शिट्टी दिली. मेकॅनिक शिडीवरून जवळजवळ पडलाच. आजोबांचा दंड धरून तो पळत सुटला. "गार्डसाहेब, थांबा! चूक माझी आहे!" गार्डने वर नेलेला हिरवा बावटा खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "उंबरठ्यावर गाठली. पिशवी खांद्याला लावलेली होती."

मेकॅनिकने तोवर नवे पाते कापून बसवले होते. अगदी कोरे. स्टेशनमास्तर करवादले, "अरे, यावर काही लिहिलंच नाहीस!"

"साहेब, ते वाचायचं नाही. मोजायचं आहे."

पुढे आजोबा येईनासे झाले, मेकॅनिक निवृत्त झाला. आता माझ्या जागी चकचकीत पडदा आहे. त्याचा राग नाही मला. नावे तो माझ्यापेक्षा छान दाखवतो, पण बदलताना हूं की चूं करत नाही. मी गोदामात भिंतीला टेकून उभी आहे.

मित्रांनो, जुने झाले की काढावेच लागते. फक्त काढण्याआधी त्याच्याखाली कोण बसते, ते एकदा वाकून पाहा.