तीन पायांची परवानगी

त्याला सगळे शिक्का म्हणत. सिनेमावाल्यांना कुठेही शूटिंग करायचं असलं की परवानगी काढून आणणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता. तुरुंगात लपंडावाचं गाणं, दवाखान्याच्या गच्चीवर उंटांची शर्यत, सगळ्याच्या परवानग्या त्याने हसत हसत आणलेल्या. पिंजऱ्यात शूटिंग होतं तेव्हा म्हणे त्याने सिंहाचा पंजाही कागदावर उमटवून घेतला होता. सिंहाने आधी अटी वाचल्या, मगच पंजा दिला.

असा हा शिक्का सोमवारी दुपारी बंदराच्या कचेरीत कारकुनाचं टेबल घट्ट धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"परवानगी उद्याची आहे," कारकून म्हणाला. "आज सोमवार. कागदावर मंगळवार."

"चूक झाली हो माझी."

"चूक कसली? सही आहे, शिक्का आहे. इतका स्वच्छ कागद आमच्याकडे येत नाही. उद्या या."

चूक त्याचीच होती, आणि मुरलेल्या माणसाकडूनच होईल अशी होती. शूटिंग ठरल्या दिवशी झालेलं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कॅमेरा आला तर हिरो रुसलेला, हिरो आला तर ऊन रुसलेलं. म्हणून सिनेमावाल्यांनी सोमवार म्हटलं की हा अर्जावर डोळे मिटून मंगळवार लिहायचा, आणि दर वेळी शाबासकी मिळवायचा. या वेळीही लिहिला. मग डॉक्टरांनी सासऱ्यांच्या ऑपरेशनला मंगळवारची सकाळ दिली, घर हबकून गेलं, आणि कागदावरचा मंगळवार कुणाच्या ध्यानात राहतोय?

सासरे नट होते. नाटकात कुजबुजले तरी शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूस दचकून उठायचा. आता घशात गाठ होती, आणि उद्या गाठीबरोबर आवाजही जाणार होता. सिनेमा मेहुण्याचा, म्हणजे त्यांच्याच मुलाचा. एकच प्रसंग राहिला होता. म्हातारा नावाडी धक्क्याच्या टोकाला उभा राहून घर सोडून गेलेल्या मुलीला हाक मारतो, आणि कुणीच ओ देत नाही. तेवढ्या हाकेसाठी सासऱ्यांनी उरलासुरला आवाज जपून ठेवला होता. पाणी हवं असलं तरी खुणेने मागत.

"दुसऱ्याचा आवाज घाला की," कारकून म्हणाला. "सिनेमात घालतात."

"त्यांच्या मुलीला दुसऱ्याचा चालणार नाही. माझी बायको आहे ती."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. क्षणभर वाटलं, विरघळला. "तारीख साहेबच बदलू शकतात. ते बोटीवरून पाहणीला गेलेत."

"परत कधी येणार?"

"उद्या."

शिक्का धक्क्यावर आला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. सासरे नावाड्याच्या फाटक्या सदऱ्यात टोकाला उभे, गळ्याला मफलर. बायको त्यांच्या हातात कोमट पाण्याचा पेला देत होती. आणि कॅमेऱ्याच्या स्टँडसमोर बंदराचा पहारेकरी हात पसरून उभा.

"दाजी, झालं?" मेहुणा धावत आला.

शिक्क्याने मंगळवारचा कागद त्याच्यापुढे धरला.

"अहो, तुम्ही सिंहाकडून आणता, माणसाकडून आणता येत नाही?" बायको म्हणाली. आवाज टोमण्याचा होता, डोळे नव्हते.

शिक्का पहारेकऱ्याच्या पाया पडायलाच वाकला. पहारेकरी दोन पावलं मागे सरला. "पाया काय पडता? माझी नोकरी आहे. स्टँडचे पाय जमिनीला टेकले की शूटिंग. हातात धरून काय ते काढा, मी बघतो का?"

"हातात नाही जमायचं," कॅमेरावाला म्हणाला. "खांदा निखळलेला माझा. एवढं धूड पेललं तर पडद्यावर भूकंप दिसेल."

सूर्य पाण्याकडे सरकत होता. सासऱ्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं आणि मफलर सोडला. वाकलेला शिक्का तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "ठेव माझ्या पाठीवर."

एका पाठीवर कॅमेरा डुगडुगला. मेहुणा शेजारी वाकला, तरी एका बाजूला कलला. तेव्हा बायकोने पदर खोचला आणि तिसरा खांदा लावला. तिघांची डोकी एकमेकांत अडकली, वर कॅमेरा बसला, आणि बायकोची पाठ नेमकी वडिलांकडे झाली.

"अहो, हेही पायच की!" पहारेकरी कावराबावरा झाला.

"माणसांचे आहेत," खालून शिक्क्याचा आवाज आला. "माणसांचे पाय टेकायला परवानगी लागते का? दाखवा कुठे लिहिलंय."

पहारेकऱ्याने डोकं खाजवलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

"श्वाससुद्धा जपून घ्या," कॅमेरावाला पुटपुटला. "बाबा, चालू."

हाक आली. पहिल्या शब्दाला घसा खरवडला, आणि मग कुठून कोण जाणे, तो जुना आवाज वर आला. धक्क्यावरच्या बोटी थरारल्या, पलीकडच्या काठावरचे पक्षी उडाले, बोटीवरच्या साहेबांच्या हातातली दुर्बीण म्हणे पाण्यात पडली.

"पोरी! अगं ए पोरी! ये गं घरी!"

लहानपणी संध्याकाळी खिडकीतून ते तिला अशीच हाक मारत. शिक्क्याच्या दंडात बायकोची नखं रुतली. तो मनात म्हणत होता, हलू नकोस, बये, हलू नकोस. ती हलली नाही. पण तोंडून निघून गेलं.

"आले, बाबा!"

या हाकेला कुणी ओ द्यायची नव्हती, आणि दुसरी हाक सासऱ्यांकडे उरली नव्हती. मेहुण्याने डोळे गच्च मिटले.

मग टोकावरचा नावाडी सावकाश वळला. कॅमेऱ्याखालच्या त्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघून हसला, आणि उरलेल्या चिंधीएवढ्या आवाजात म्हणाला, "किती उशीर केलास गं."

पुढे ओठ हलले, पण आवाज नव्हता.

"कट म्हण की रे," शिक्का मेहुण्याच्या कानात कुजबुजला. मेहुण्याला बोलताच येईना. तेव्हा तिघेही तसेच वाकून राहिले, सूर्य बुडाला तरी, आणि त्यांच्या पाठीवर कॅमेरा जराही हलला नाही.