एका दिवसाचा खाडा

आप्पासाहेबांनी बोटाला थुंकी लावून खतावणीचं पान उलटलं आणि पट्टी एकेका ओळीखाली सरकवत नेली. काउंटरच्या अलीकडे भीमराज उभा होता. शेवगावच्या बाजारपेठेतल्या या पतसंस्थेत गेल्या मार्चपासून रोज दहा रुपये त्याच्या नावावर जमा होत होते. संस्थेचा एजंट रंगनाथ संध्याकाळी सायकलवर दारात यायचा, दहाची नोट घ्यायचा, पिग्मीच्या कार्डावर सही करायचा आणि पुढच्या दाराला जायचा. वर्ष भरलं होतं. आता भीमराजला पंचवीस हजारांचं कर्ज हवं होतं.

सुप्याच्या एका कारखान्यातलं जुनं लेथ मशीन विकायला निघालं होतं. मालक मार्चअखेरपर्यंत थांबणार होता, त्यापुढे एक दिवस नाही. मशीनवर भीमराजचा हात असा, की कुवेतमध्ये त्याचा फोरमन नव्या पोरांना त्याचं काम बघायला शेजारी आणून उभं करायचा. तोच हात आता दुसऱ्याच्या दुकानात पन्नास रुपये रोजावर खिडक्यांच्या ग्रिल जोडत होता. मशीन हातचं गेलं तर पुन्हा कधी मिळेल, याचा भरवसा नव्हता. भीमराज बेचाळीस वर्षांचा झाला होता.

कुवेतमध्ये त्याची अकरा वर्षं गेली. नव्वद साली तिथं सैन्य घुसलं आणि साठवलेलं सगळं तिथल्या बँकेतच राहिलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकलेला, त्यामुळे वाळवंटातल्या छावणीत तो बावीस दिवस बसून राहिला आणि कागदवाले त्याच्या डोळ्यांदेखत विमानाकडे गेले. माणसाला कागद ओळखतो, माणूस नाही, ही अक्कल त्याला तिथं आली. एका पिशवीनिशी तो घरी परतला, तर इथंही तेच.

"ना सातबारा, ना पगारपत्रक, ना कुठल्या सोसायटीत नाव," आप्पासाहेब पहिल्या भेटीत म्हणाले होते. "इथं तुमाला वळखतं कोण?"

भीमराजने कुवेतच्या बँकेचं पासबुक पुढे केलं होतं. आप्पासाहेबांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि जपून परत दिलं. शेवटी वाट दाखवली ती त्याच्या चुलतभावाने, महेंद्रने. महेंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पगारदार माणूस, त्याची जामीनकी कुठलीही संस्था डोळे झाकून घ्यायची. तो म्हणाला होता, वर्षभर पिग्मी भर, एक दिवस चुकू नकोस, संस्थेला तुझी सवय होऊ दे. मग सही माझी. भीमराजने ते शब्द गाठीशी बांधले. तापाने फणफणला तेव्हाही त्याने दहाची नोट उशाशी ठेवली होती.

पट्टी थांबली.

"एक खाडा हाय," आप्पासाहेब म्हणाले. "अठरा नोव्हेंबर."

भीमराज काउंटरवर वाकला. "खाडा? मी भरलं हुतं त्या दिवशी."

"अहो, 'मयत' म्हनून लिव्हलंय रंगनाथनं. तुमच्या मातोश्री गेल्या ना त्या दिवशी? मयताच्या दिवशी कोन भरतं? आमी बी मानसंच हाय. असला खाडा आमी धरीत न्हाई." त्यांनी खतावणी मिटली. "बाकी वर्ष लख्ख हाय. शनिवारपतुर जामीनदाराची सही आना, सोमवारी चेक देतो."

भीमराज बाहेर आला. आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात अठरा नोव्हेंबर घोळत राहिला. त्या दिवशी त्याने पैसे दिले होते. लांबच्या पाहुण्यांसाठी थांबता थांबता संध्याकाळ झाली होती; दारात बायका बसलेल्या, अंगणात पुरुष तिरडी बांधत होते आणि रंगनाथ कोपऱ्यावरूनच सायकल वळवून माघारी निघाला होता. भीमराज घोळक्यातून उठून त्याच्या मागे धावला आणि त्याच्या मुठीत नोट कोंबून आला. कार्ड घरात कुठं होतं ते त्या गोंधळात सापडलं नाही. सही राहिली, ती राहिलीच.

मधली सुट्टी झाली होती. महेंद्र शाळेच्या व्हरांड्यात डबा उघडून बसला होता. त्याने भाकरीचा चतकोर भीमराजच्या हातावर ठेवला, वहिनींची चौकशी केली, परीक्षेचं काम किती पडलंय ते सांगितलं. भीमराजने कर्जाचा अर्ज काढून त्याच्यासमोर ठेवला. महेंद्रने तो वाचला, सहीच्या जागी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"दादा, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही," तो म्हणाला.

भीमराजला आधी समजलंच नाही. त्याने खिशातून पेन काढून धरलं होतं.

"चुकू नको असं मीच म्हणालो होतो. खरंय ते. पण त्या दिवशी तिरडीची दोरी माझ्या हातात होती. तू उठून पळालास. मला वाटलं, तुला भडभडून आलं असंल, म्हणून मी दोरी टाकून तुझ्यामागं आलो. बघतो तर तू पिग्मी भरत होतास." महेंद्रचा आवाज चढला नाही. "मोठी आई मला पण आईच होती रे. तिला अजून घरातून उचललं नव्हतं. तेव्हा ज्याला स्वतःचं कार्ड आठवतं, त्याला उद्या माझ्या घरावर जप्ती आली तर मी आठवेन का?"

भीमराजने तोंड उघडलं.

आदल्या रात्रीचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. दुकानमालकाने आठवड्याचा रोज दिला नव्हता, घरात दमडी नव्हती. आईला, राहीबाईला, धाप लागली होती. तिने चाचपडत कनवटीची गाठ सोडली आणि नखाएवढी घडी घातलेली दहाची नोट त्याच्या तळव्यावर ठेवली. "ही उंद्याची," ती म्हणाली होती. "रंगनाथला मोकळं धाडू नगंस." पहाटे ती गेली. तिने शेवटचं सांगितलं ते एवढंच, आणि तेवढं तरी आपल्या हातून व्हावं म्हणून तो धावला होता.

हे सांगितलं असतं तर महेंद्र विरघळला असता. तिथल्या तिथं सही करून मोकळा झाला असता. पण भीमराजची जीभ उचलेना. सांगणं म्हणजे मेलेल्या आईला जामीन उभं करणं, असं त्याला वाटलं आणि त्या विचाराची त्याला शिसारी आली. त्याने अर्जाची घडी घातली, पेनाला टोपण लावलं, चतकोर संपवला. अन्न टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

"येतो," तो म्हणाला.

त्या दिवशी तो दुकानात गेलाच नाही. घरी येऊन उंबऱ्यावर बसला. बायकोने, भारतीने, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सहीचं विचारलं नाही. त्याच्या हातातली अर्जाची घडी तेवढी काढून घेऊन फळीवर ठेवली.

संध्याकाळी सायकलची घंटी वाजली. रंगनाथ आत येईना, दारातच घुटमळला. आप्पासाहेबांनी त्याला विचारलं होतं म्हणे, पैसे भरल्याचं काय म्हणत होता तो भीमराज? त्याने चामडी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून कागदाची पुडी काढली.

"तुमी मुठीत कोंबली म्हनून घेतली, भाऊ. हात थंडगार हुता तुमचा. मयताच्या घरचा पैसा लिव्हायला माझं मन धजंना. आन परत कसा द्यावा, ते बी कळंना. तवाधरनं हितंच हाय."

पुडीत नोट होती. चार महिने झाले तरी तिची घडी कुणी उलगडली नव्हती. भीमराजने ती तळव्यावर घेतली. नखाएवढी घडी, आणि कडेला तंबाखूचा पिवळा डाग. राहीबाईची तंबाखू आणि पैसे एकाच गाठीला असायचे. भारतीने ती घडी ओळखली आणि तोंडाला पदर लावला.

रंगनाथने पायावरचा भार बदलला. अजून सहा घरं राहिली होती त्याची. त्याने खिशातून पेन काढलं, सवयीने हात पुढे केला. भारती डब्यातले दहा रुपये आणायला वळली, तशी भीमराजने तिला हाताने थांबवलं. नोटेवर मूठ मिटून तो उंबऱ्यावरच बसून राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. त्या दिवशी अंगणात ज्याला कुणी रडताना बघितलं नव्हतं, तो आता रस्त्यावरच्या लोकांदेखत रडत होता आणि तोंड लपवत नव्हता.

"आज घिऊ नगा, रंगनाथ," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "आज खाडा लिव्हा. आई गेली आमची."