देवापुढचा न कापलेला फणस

मी फणस बोलतोय. दत्तारामच्या परसातला, यंदाचा पहिला. बाहेरून बघाल तर दृष्ट लागेल असा. पण कुशीत कीड शिरलीय आणि मी आतून कुजतोय. सांगू कसं? तोंड कुठाय मला!

आमच्या जातीचं नशीबच असं, की येणारा-जाणारा टिचकी मारतो आणि कान लावतो. दत्तारामची लेक गौरजा तर लहानपणापासून आमच्या झाडाला कान लावत आलीय. आता सूर्याचा अभ्यास करायला तिची बंगळुरूला निवड झालीय. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचाय, आणि बाप अडून बसलाय.

"सूर्याक टिचकी मारूक कोण जाता गो?" त्यानं सकाळी चेष्टा केली.

"कोणाक जावचा नाय, बाबा. तो आत उकळता, तेचोच आवाज होता. त्या आवाजाच्यो लाटो आत जातत, परत येतत, आणि सूर्याचा अंग खालीवर हलता. ता दुर्बिणीक दिसता. त्या हलण्यावरून आत काय आसा ता कळता."

"असा? मगे ह्या फणसात काय आसा ता सांग. खरा निघाला तर जा."

गौरजानं मला चहूबाजूंनी टिचक्या मारल्या. "देठाकडे बरो आसा. ह्या कुशीत कुजलेलो आसा."

माझा जीव भांड्यात पडला! तिनं हाताला खोबरेल चोळलं, विळी पुढे ओढली. जन्मभर विळीला भ्यायलेला मी, पण मनातून ओरडत होतो, काप बाई, काप!

तेवढ्यात दत्ताराम खाली बसला. तिनं दाखवलेल्या जागी त्यानं स्वतः टिचकी मारली. परत मारली. त्याचा चेहरा उतरला.

"थांब गो. पयलो फणस. आधी देवाचो मान. उद्या कापूया."

"बाबा, उद्या नाय! आज कळवचा आसा!"

त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि देवळात आणून ठेवलं.

आता सूर्य समुद्राला टेकलाय. गौरजा पायरीवर बसलीय, हात अजून तेलकट, फोन मांडीवर. मला वास सुटलाय. अहो, कुणी तरी नाक लावा! कापा मला! उद्या कापून कुणाचं भलं होणार?

दत्ताराम हात जोडून उभा आहे. त्याचं नाक आक्रसलं. वास लागला त्याला, नक्की लागला! त्यानं लेकीकडे बघितलं, मग देवाकडे. आणि देवापुढची अगरबत्ती उचलून माझ्या कुशीपाशी आणून ठेवली.