बिनपंखांची निके

फिलिन्ना अथेन्सच्या विजयदेवीच्या, निकेच्या, लाकडी पावलांना तेल चोळत होती, तेवढ्यात देवळाच्या पायरीशी कुणीतरी खाकरलं. तिने वळून पाहिलं. शेजारच्या क्रिनोकडची गुलाम बाई दामो मधाची वडी पानावर घेऊन उभी होती. वर यावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

"ये ना वर," फिलिन्ना म्हणाली.

मागून धापा टाकत खुद्द क्रिनोच आली. "हिला आत घेऊ नकोस हं. शत्रूच्या शहरातली, थीब्जची आहे ही. आपल्या माणसांनी सीमेवर लाकडं वेचताना धरून आणली, आणि आता निकेला नैवेद्य दाखवायला निघालीय. आपल्याच देवीकडे आपला पराभव मागणार."

"काय मागायचं होतं गं तुला?" फिलिन्नाने विचारलं.

"जिंकणं-हरणं नाही, आई." दामोची मान खालीच होती. "घरी दोन पोरी आहेत. एकदा परत जायला मिळावं."

"घ्या," क्रिनो हसली. "अगं बये, आमच्या देवीला पंख का नाहीत ठाऊक आहे? अथेन्स सोडून उडून जाऊ नये म्हणून. ती तुमच्याकडे यायची नाही."

फिलिन्नाने वडी घेतली आणि देवीपुढे ठेवली.

ती काही मोठ्या घरातली नव्हती. एका विणकराची विधवा. चिठ्ठ्या टाकल्या, तिचं नाव निघालं आणि ती निकेची पुजारीण झाली. मागच्या हिवाळ्यात तिचा एकुलता एक मुलगा, आंद्रोतिमोस, लढाईत थीब्जवाल्यांच्या हाती लागला. खंडणी देऊ म्हणून तिने दोनदा निरोप धाडला. दोन्हीदा नकार आला. आता सैन्य पुन्हा तिकडे निघणार होतं. सगळं शहर निकेकडे विजय मागत होतं आणि सगळ्यांच्या वतीने मागणं घालायचं होतं तिला. थीब्जवर चाल झाली, तर तिथले लोक आधी कैद्यांनाच मारतील, हे मात्र तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

बैलांचा बळी दिला त्या दिवशी तिने मागणं घातलं. आवाज कापला नाही. रीतीप्रमाणे कातडी पुजारणीच्या वाट्याला आली. संध्याकाळी ती सगळी गाडीत घालून फिलिन्ना क्रिनोच्या दारात गेली.

"ही घे. दामोला मला दे."

क्रिनोने कातडी बोटांनी चाचपली. "मुलाच्या बदल्यात देणार होय हिला? वेडी आहेस. सैनिकाच्या बदल्यात गुलाम बाई कोण घेतं?"

"कुणी नाही घेत."

"मग?"

फिलिन्ना गाडीवरची दोरी सोडत राहिली.

सैन्य निघण्याआधी दूत सीमेपर्यंत जाणार होता. त्याच्यासोबत तीही दामोला घेऊन गेली. सीमेवरच्या ओढ्याशी पोचल्यावर दामोने तिचे हात धरले.

"तुमच्या मुलाला हुडकीन मी. काय सांगू त्याला?"

वाटेत फिलिन्नाने बरंच काही योजलं होतं. आता त्यातलं एकही तिला धड आठवेना.

"जेवतोस का, विचार," ती म्हणाली.

दामो पाण्यात उतरली. पलीकडे पोचल्यावर ती पळतच सुटली.

त्या उन्हाळ्यात ना हे जिंकले, ना ते. सैन्य पिकं जाळून परत आलं. मग थीब्जचा एक म्हातारा दूत मृतांचे देह परत नेण्याची बोलणी करायला अथेन्सला आला. काम उरकल्यावर तो चौकशी करत देवळाशी पोचला. फिलिन्नाला पाहताच त्याने घसा साफ केला. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"निकेची पुजारीण तूच ना? आमच्या गावातल्या दामोचा निरोप आहे. कैद्यांच्या कोठडीत ती भाकरी घेऊन जाते. पहारेकरी तिच्या भावाच्या ओळखीचा आहे."

"आणि तो?"

"खातो. पण मीठ कमी पडतं म्हणून रोज कुरकुरतो, असं तिने मुद्दाम सांगायला सांगितलंय."

फिलिन्ना पायरीवर बसली. तिने पदर तोंडाला लावला. दूत अवघडून उभा होता.

"लाज नाही कार्ट्याला," ती शेवटी म्हणाली, आणि शत्रूच्या त्या दूताला बसायला जागा व्हावी म्हणून थोडी बाजूला सरकली.