थोरले मधे यायला हवेत

मिस्त्री तिसऱ्यांदा आला तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि आत बघत आवाज खाली केला. "या. तुमचे खांब ठेवलेत तिथेच आहेत. मला झाडू मारायचा तर आधी ह्यांची परवानगी काढावी लागते."

खांब म्हणजे मिस्त्रीने बसवून दिलेले छातीएवढे उंच दोन स्पीकर. काकांनी ते एकाच आवाजासाठी घेतले होते. त्यांचे थोरले भाऊ देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. बोलता बोलता ते कधी गायला लागले हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही. डोळे भरून आले की कळायचं. चाळीस वर्षं ते पुढे उभे राहिले आणि काका त्यांच्या मागे, त्यांनी सोडलेली ओळ उचलायला. काकांच्या उजव्या कानाला लागून मृदंगवाला. थोरले गेले त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवसापासून काकांनी गाणं सोडलं. मागे उरलं एकच नीट ध्वनिमुद्रण.

काका खुर्चीत बसूनच होते. "मिस्त्री, सगळं आहे हो त्यात. थोरल्यांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. पण ते डावीकडे उभे आहेत, खिडकीपाशी. जन्मभर मी त्यांची पाठ बघत उभा राहिलो. ते मधे यायला हवेत."

"येतील, काका. बघतो."

"मागच्या खेपेलाही तुम्ही बघितलंच होतं."

मिस्त्रीने खिशातून दोरी काढली. खुर्चीच्या पाठीपासून डाव्या स्पीकरपर्यंत धरून गाठ मारली, मग तीच दोरी उजव्याला लावून बघितली. दोन स्पीकरांमधलं अंतरही तेवढंच. मागची भिंत दोघांपासून दीड हात, म्हणजे मृदंग घुमणार नाही. दोघांची तोंडं किंचित आत, खुर्चीकडे वळलेली. बोटभराचाही फरक नव्हता. पहिल्या खेपेला त्याने पडद्याला दोष दिला होता, दुसऱ्या खेपेला कपाटाला. आता दोष द्यायला खोलीत काही उरलं नव्हतं.

ध्वनिमुद्रण लावून, काकांना उठवून तो स्वतः खुर्चीत बसला. थोरले बरोबर मधे उभे होते. इतके समोर, की त्याने नकळत पाय आवरून घेतले.

"काका, जरा खुर्ची उलटी फिरवू का? तोंड मागच्या भिंतीकडे. खोलीचा दोष असेल तर कळेल."

काका उलटे बसले, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्यांनी डावा हात उचलून दाखवलं. "आता कपाटापाशी गेले. मघाशी खिडकीत होते."

खोली जागेवर होती, स्पीकर जागेवर होते. थोरले फिरले होते ते काकांच्या डाव्या कानाबरोबर.

मिस्त्री पाणी मागायला स्वयंपाकघरात गेला. काकूंनी पेला भरला, पण लगेच दिला नाही.

"कळलं ना तुम्हाला?"

"उजवा कान?"

"मी वर्षभर डावीकडूनच बोलते ह्यांच्याशी. डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं, उजवा हळूहळू पुरता जाणार. ह्यांना वाटतं मळ होता, काढून टाकला." त्या ओट्यावरचं कोरडं फडकं पुन्हा पुसायला लागल्या. "थोरले गेले तेव्हा गाणं सोडलं. कान चाललाय म्हटलं तर ऐकणंही सोडतील. मग ह्या घरात आम्ही दोघं काय करायचं, सांगा."

मिस्त्रीने स्वतःच पेला उचलला आणि पाणी संपवलं.

काकांच्या यंत्राला डावा-उजवा आवाज कमीजास्त करायची सोय नव्हती. उपाय एकच होता आणि तो त्याच्या हातांना मानवणारा नव्हता. त्याने दोरी खिशात टाकली. खुर्ची सरळ केली, उजवा स्पीकर मिठी मारल्यासारखा धरला आणि पुढे ओढला. वीतभर. "आता?"

"हलले. अजून खिडकीकडेच."

आणखी हातभर. आता दोन्ही स्पीकर इतके विसंगत दिसत होते, की कुठल्याही नवशिक्याने त्याला हसावं. अजून चार बोटं. काकांनी हात वर केला आणि तो हवेतच राहिला. दुसरा हात येऊन त्याला जुळला.

"आले," ते म्हणाले. मग ओठ हलले. थोरल्यांनी सोडलेली ओळ त्यांनी उचलली, आवाज न करता.

पद संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. "ए, इकडे ये. बस इथे. बघ."

काकू खुर्चीत बसल्या. थोरल्यांचा आवाज उजव्या बाजूने त्यांच्या अंगावर आला, भिंतीशी कुणी कोंडून घातल्यासारखा. त्यांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत मान हलवली.

"हो. अगदी मधे."

"मी म्हणत नव्हतो? ह्यांचं मोजमापच चुकत होतं."

"चुकत होतं, काका," मिस्त्री म्हणाला.

काकू त्याला दारापर्यंत सोडायला आल्या. तो चपला घालत असताना त्यांनी विचारलं, "उजव्याची वायर किती मोकळी ठेवलीत?"

"खुर्चीपर्यंत पोचेल एवढी."

काकूंनी मान हलवली आणि दार हळूच लोटलं.