खाणीकडची गाडी

शहर आणि भोवतालची गावं एकाच पालिकेत आली, तेव्हा गप्प्याच्या गावात दोन गोष्टी घडल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंची शहरातल्या मोठ्या इस्पितळात बदली झाली आणि दवाखान्याला कुलूप लागलं. आणि गप्प्याला पालिकेत ड्रायव्हरची नोकरी लागली. लहानपणापासून कमी बोलायचा म्हणून सगळे त्याला गप्प्या म्हणत. आता कानाजवळचे केस पिकले तरी नाव तेच होतं.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, पण नवरा लवकर वारला आणि ती माहेरी परत आली. शेळ्या पाळून तिने घर उभं केलं. जिभेला धार होती तिच्या. गावाच्या तोंडापर्यंत दिव्यांचे खांब आले आणि दिवे काही लागले नाहीत, तेव्हा ती म्हणाली, "शहर आपल्याकडे पाहुणं आलंय, पण दारातच उभं आहे. चप्पल काढायची त्याची तयारी नाही."

गप्प्याला दिली होती ती कुत्र्यांची गाडी. मागे जाळीचा पिंजरा, आणि सोबत जाळं टाकणारे दोघे जण. शहरातल्या तक्रारी आल्या की त्या गल्लीत जायचं, भटकी कुत्री धरायची आणि आणायची. आणायची कुठे, हा प्रश्न होता. निवारा बांधायचं ठरलं होतं. एका मैदानात त्याचा पायाही खणला होता, त्यात पाणी साचलं होतं.

"पूर्वी हद्दीबाहेर सोडायचो," आरोग्य विभागाचे साहेब म्हणाले. "आता हद्दच लांब गेली. तू डोंगराकडे सोड. जुन्या खाणीपाशी."

"तिकडे माझं गाव आहे, साहेब."

"मग बरंच झालं. तुला रस्ता विचारावा लागणार नाही."

खाण गावापासून लांब आहे, मध्ये ओढा आहे, कुत्री काही ओढा ओलांडून यायची नाहीत, अशी गप्प्याने स्वतःची समजूत घातली. पिंजऱ्याचं दार उघडलं की कुत्री काही वेळ आतच बसून राहत. मग एकेक उतरून रस्त्यावर उभी राहत आणि परत निघालेल्या गाडीमागे धावत. आरशात दिसायची. तो आरशात बघायचं टाळू लागला.

शहरात त्यांना खरकटं मिळायचं. खाणीत दगडांशिवाय काही नव्हतं. भूक ओढ्याला थोडीच जुमानते? आधी कोंबड्या जाऊ लागल्या, मग एका शेजाऱ्याची दोन करडं फाडलेली सापडली. गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, कुत्री शहराकडून वास काढत येतात. कुणी म्हणालं, कोल्ह्यांची पैदास आहे ही. गप्प्या खाली मान घालून ऐकत राहिला.

ताईने त्याला घरी आल्यावर विचारलं. चुलीपुढे बसून ती लाकडं सारत होती.

"कोल्ह्याच्या गळ्यात कधी पट्टा बघितलास?"

तो हातपाय धुवायला वळला.

"मी गाडी पाहिली रे. वरच्या कड्यावर शेळ्या घेऊन होते."

"नोकरी आहे, ताई. नाही म्हटलं तर उद्या दुसरा येईल आणि तोही इथेच सोडेल."

"ते खरं." तिने आणखी एक लाकूड आत सारलं. "कुणाला बोलू नकोस. मीही नाही बोलणार. पण साहेबांच्या कानावर घाल, माणसं राहतात म्हणावं इथे."

त्याने घातलं. साहेब म्हणाले, निवारा होतोच आहे, थोडी कळ काढ.

त्यानंतर काही दिवसांनी ताईच्या मनगटावर फडकं बांधलेलं दिसलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, कुंपणाची तार लागली. जखम तिने साबणाने धुतली होती, वर हळद दाबली होती. गप्प्या म्हणाला, "शहरात चल, इंजेक्शन घे." ती म्हणाली, "तारेला कसलं इंजेक्शन? शेळ्या कोण बघणार?" आणि त्याने विषय सोडला. जखम भरली. फडकं निघालं. गप्प्या विसरूनही गेला.

दीड-दोन महिन्यांनी ती हात चोळू लागली. जुन्या जखमेत मुंग्या येतात म्हणाली. मग अंग तापलं, झोप उडाली. आणि एका सकाळी गप्प्याने तिला पाण्याचा पेला दिला, तो तिने ओठाला लावला आणि तिचा गळा असा आवळला की पेला हातातून उडाला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पाणी नुसतं जवळ आणलं तरी मान मागे ओढली जात होती. तहानेने ओठ फुटले होते आणि डोळ्यांत भीती होती. ताईच्या डोळ्यांत भीती त्याने त्याआधी कधी पाहिली नव्हती.

आदल्या रात्री उशीर झाला म्हणून कुत्र्यांची गाडी त्याने घरीच आणली होती, ती दारापुढे उभी होती. त्याने ताईला पुढच्या सीटवर बसवलं आणि शहरात नेलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मनगट उलटून पाहिलं. "हे कधी चावलं?"

"तार लागली होती," गप्प्या म्हणाला.

ताई कशीबशी हसली. "तार कुत्र्याच्या तोंडात होती रे."

डॉक्टरीणबाईंनी गप्प्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. चावल्याबरोबर लस घेतली असती तर काहीच झालं नसतं, आता हाताशी काही नाही, एवढंच त्या म्हणाल्या. त्याच व्हरांड्यात गावातल्या नर्सबाई भेटल्या. त्यांनी गप्प्याचा हात धरला आणि रडू लागल्या. "मी तिथे असते तर मला कळलं असतं. मला तिने फसवलं नसतं."

गप्प्या आत जाऊन खाटेजवळ बसला. "का नाही सांगितलंस?"

ताईला श्वास घेत घेत बोलावं लागत होतं. "इथे विचारतात. कुठलं कुत्रं, कुठून आलं. मग तुझं नाव निघालं असतं. तुला आत्ता कुठे बरे दिवस आले होते."

तिसऱ्या दिवशी ती गेली. शेवटचा दिवस असा गेला की गप्प्याने त्याबद्दल पुढे कधीही कुणाला सांगितलं नाही.

पालिकेत बैठक झाली. गावाकडून निवडून आलेला सदस्य तावातावाने बोलला. साहेब उठून म्हणाले, घटना दुःखद आहे, परंतु भटकी कुत्री आपण होऊन स्थलांतर करतात. शहर आणि गाव असा भेद आता उरलेला नाही, तो कुत्र्यांनी तरी का पाळावा? दोघे-तिघे हसले.

मागे भिंतीशी उभा असलेला गप्प्या म्हणाला, "आपण होऊन नाही आली. मी सोडली. साहेबांनी सांगितलं म्हणून सोडली."

साहेबांनी चष्मा पुसला. अशी कोणतीही सूचना दिली नव्हती, ड्रायव्हरने इंधन वाचवायला स्वतःच्या घराजवळ गाडी रिकामी केली असणार, असं ते म्हणाले. जाळं टाकणाऱ्या दोघांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्हाला काही ठाऊक नाही, गाडी तोच चालवायचा. संध्याकाळी गप्प्याची नोकरी गेली.

गावात तर आणखी वाईट झालं. ज्याची करडं गेली होती तो दारात येऊन म्हणाला, "सख्ख्या बहिणीला खाल्लंस तू." गप्प्याने मान डोलावली. लोकांनी खाणीत विष टाकलं. कुत्री मेली, त्यांच्याबरोबर गावातलीही पाळलेली चार-पाच मेली, आणि आठवडाभर वारा त्या बाजूने आला की खिडक्या लावाव्या लागत. दवाखान्याचं कुलूप मात्र तसंच राहिलं.

गप्प्या शेळ्या चारू लागला. त्याच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं, फक्त शेजारची म्हातारी मावशी तेवढी जेवण आणून ठेवायची.

एके दिवशी उन्हं उतरायला लागली होती, तेव्हा त्याला खाणीच्या वळणावर गाडी दिसली. तीच गाडी, स्टिअरिंगवर नवा माणूस. गप्प्याने शेळ्या रस्त्यावर घातल्या आणि मध्ये उभा राहिला. हॉर्न वाजला. तो हलला नाही.

नवा ड्रायव्हर खाली उतरला. तरुण होता, दुसऱ्या कुठल्या गावचा. "काका, बाजूला व्हा ना."

"इथे नाही सोडायची."

"मग कुठे सोडू? तुम्हीच सांगा."

पिंजऱ्यातून एक तांबडी कुत्री जाळीला नाक लावून गप्प्याकडे बघत होती. तिच्या पोटाखाली पिल्लं हलत होती. ड्रायव्हर शिवी पुटपुटत गाडीत बसला आणि ती मागे घेतली. फाट्यापाशी गाडी शहराकडे वळली नाही. डोंगराच्या पलीकडच्या गावाचा रस्ता तिने धरला.

धूळ खाली बसेपर्यंत गप्प्या बघत राहिला. मग त्याने शेळ्या मावशीच्या अंगणात नेऊन बांधल्या आणि तिला म्हणाला, "मला उशीर होईल. पलीकडच्या गावात जाऊन येतो."

"तिथे कोण आहे तुझं?"

"कुणी नाही," तो म्हणाला, आणि चालू लागला.